चित्रांची जीन्स: आमच्या उन्हात, आमच्या पाण्यात

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

फॅशनच्या पानांवर सध्या मोठ्या चित्रांच्या आणि ठळक अक्षरांच्या जीन्स झळकत आहेत. मांडीवर ड्रॅगन, पोटरीपर्यंत चढलेल्या ज्वाळा, एका पायावर उभी इंग्रजी अक्षरं. फोटोत त्यावर टी-शर्ट, टी-शर्टवर उघडं जॅकेट आणि पायात घोट्याच्या वर जाणारे बूट. हा थाट दारव्हा, दर्यापूर किंवा मेहकरच्या पोराने एप्रिलमध्ये केला तर बसस्टँड गाठेपर्यंत घेरी येईल. जीन्स मात्र आठवडी बाजारातही हँगरला लटकलेली असते आणि कॉलेजची मुलं-मुली ती हौसेने घेतात. पुढे दोनच तक्रारी ऐकू येतात. एक, घातली की सोंग आणल्यासारखं दिसतं. दुसरी, चार धुण्यांत चित्र सोलून निघालं. दोन्ही टाळता येतात. रेडिमेड विकणारे आणि अल्टरचं काम करणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. जागा कमी पडली तर कात्री लावा, पण अल्टर आणि धुण्याचा भाग राहू द्या, कारण तो कुठेच छापून येत नाही.

चित्र कसलं आहे हे सगळे बघतात. कुठे आहे हे बघितलं जात नाही, आणि जीन्स रोज घालता येईल की नाही हे त्यावरच ठरतं. समोर मांडीवरचं चित्र सर्वांत आधी डोळ्यांत भरतं, पण ते मांडी रुंद दाखवतं आणि बाहेर सोडलेला शर्ट त्याचा वरचा भाग झाकतो. बाहेर सोडलेला शर्ट साधारण चेनच्या खालच्या टोकापर्यंत येतो. म्हणून मांडीवरचं चित्र समोरच्या खिशाच्या तोंडापासून चार-पाच बोटं खाली सुरू होत असेल तरच घ्या, नाही तर ड्रॅगनचं डोकं शर्टाखाली आणि शेपूट बाहेर असा प्रकार होतो. नेमकं गुडघ्यावर आलेलं चित्र टाळाच. मांडी घालताना, उकिडवं बसताना, फटफटीवर बसताना कापड तिथेच दुमडतं आणि छापाला पहिली चीर तिथेच जाते. मागच्या खिशावरचा छाप गाडीच्या सीटवर घासून सहा महिन्यांत पुसट होतो. तिथे भरतकाम टिकतं. पोटरीवरचं चित्र कुठल्याही शर्टा-कुर्त्यात झाकलं जात नाही, पण चिखल, सायलेन्सर आणि शिंप्याची कात्री हे तिन्ही शत्रू खालीच असतात. सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो, त्यामुळे उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला छाप असेल तर एकदा टेकला की वितळून सुरकुततो.

रोजच्या वापराला आमच्या मते दोन मांडण्या सोयीच्या आहेत. एक, बाहेरच्या शिवणीलगत कमरेपासून तळापर्यंत गेलेली पट्टी किंवा उभी अक्षरं. उभी रेघ पाय लांब दाखवते, बुटक्यालाही शोभते आणि मांडी घातली तरी फार दुमडत नाही. दुसरी, फक्त एका पायावरचं चित्र, दुसरा पाय कोरा. दोन्ही पायांवर, मागे-पुढे सगळीकडे छापलेली जीन्स सणावाराला, मित्राच्या साक्षगंधाला एखाद्या वेळी चालते. रोज घालणं अवघड, कारण ती लोकांच्या लक्षात राहते आणि आठवड्यात दुसऱ्यांदा घातली की 'याच्याकडे एकच पँट आहे' असं पोट्टे म्हणतातच.

आता वर काय घालायचं. वरातीत बँड एकच असतो, तसं अंगावर गाजणारी गोष्ट एकच ठेवा. जीन्सवर अक्षरं असतील तर टी-शर्टवर अक्षरं नकोत. वाचणाऱ्याची नजर वर-खाली धावत राहते आणि दोन्ही वाया जातात. जीन्सवर चित्र असेल तर चौकड्याचा शर्ट नको, बारीक चौकडासुद्धा नको. कोरा, एकरंगी कपडा हवा आणि त्याचा रंग शक्यतो जीन्समधूनच उचलायचा. इथे बहुतेक जण चुकतात: चित्रातला सर्वांत मोठा रंग उचलतात. निळ्या जीन्सवर लाल-पिवळ्या ज्वाळा असल्या की वर लालभडक टी-शर्ट येतो आणि माणूस डोक्यापासून पायापर्यंत पेटल्यासारखा दिसतो. चित्रात ज्या रंगाला कमी जागा मिळाली आहे तो घ्या आणि एक छटा मळकट घ्या. त्याच ज्वाळांवर राखाडी किंवा हळदीपेक्षा फिका, मातकट पिवळा बसतो. काळ्या जीन्सवर पांढरी अक्षरं असतील तर मेहंदी, राखाडी, विटकरी. पांढऱ्या जीन्सवर रंगाचे शिंतोडे उडवल्याचा छाप असेल तर गडद निळा. जीन्समध्ये चारपेक्षा जास्त रंग असतील तर विचार करत बसू नका, सरळ पांढरा किंवा काळा घाला.

पांढऱ्याबद्दल एक सूचना. नव्या गडद निळ्या जीन्सवर पांढरा टी-शर्ट घातला की त्याच्या खालच्या काठाला निळी झाक येते. डेनिमच्या ताण्याचा, म्हणजे उभा, धागा नीळेने रंगवतात, पण ही नीळ धाग्याच्या आतपर्यंत जात नाही, बाहेरच्या थरातच बसते. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा पांढराच असतो, म्हणून जीन्स आतून फिकी दिसते. वरची जादा नीळ घासली गेली की सुटते. दोन-तीन धुणी होईपर्यंत वर गडद रंग घाला. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवून रंग 'पक्का' करण्याचा उपाय घरोघरी सांगतात. निळेवर त्याचा उपयोग होत नाही. जादा रंग धुऊनच जायला हवा.

मुलांसाठी सर्वांत सोपा जोड म्हणजे १६० ते १८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), गोल गळ्याचा, सुती टी-शर्ट. याहून पातळ घेतला तर घामाने अंगाला चिकटतो, जाड घेतला तर मे महिन्यात घालवत नाही. शर्ट घालायचा असेल तर अर्ध्या बाह्यांचा, खालचा काठ सरळ कापलेला घ्या. खोचण्यासाठी शिवलेल्या शर्टाचा काठ कडेला वर आणि मागे-पुढे खाली असतो. तो बाहेर सोडला की बाजूची पट्टी अर्धी झाकते, अर्धी उघडी राहते. खादीचा अर्ध्या बाह्यांचा कोरा शर्ट या जीन्सवर फार चांगला दिसतो, आणि तो घरात बहुधा असतोच. शर्ट खोचायचा असेल तर पट्टा साधा ठेवा, मोठ्या बकलचा नको.

मुलींच्या बाबतीत कुर्त्याची लांबी निर्णायक. गुडघ्यापर्यंतचा सरळ कुर्ता मांडीवरचं चित्र पूर्ण गिळतो, म्हणजे पैसे गेले. कुर्ता लांबच घालणार असाल तर पोटरीवर किंवा तळाशी काम असलेली जीन्स घ्या. हा जोड कॉलेजात, बँकेत, पाहुण्यांकडे कुठेही खटकत नाही, आणि घरात जीन्सवरून कुरबुर असेल तिथेही निभावतो. कुर्त्याला दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत चीर असेल तर बाजूची पट्टी चालताना दिसते, उभं राहिल्यावर झाकते. आमच्याकडे अशी जोडी अनेक जणी मुद्दाम मागतात. मांडीवरच्या चित्रासाठी कुर्ती नितंबाच्या हाडापाशी संपणारी हवी, म्हणजे खांद्यापासून साधारण २४ ते २६ इंच. अंगावर बांधणी किंवा बुट्ट्यांची ओढणी नको. कोरी ओढणी चालते, पण बहुतेक वेळा न घेणंच बरं.

ओढणीपेक्षा मोठा प्रश्न उन्हातल्या दुपट्ट्याचा आहे. इथे मार्चपासून जूनपर्यंत डोकं-तोंड बांधल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर विचारायला नको. डोक्याला बांधलेला दुपट्टा किंवा स्कार्फ पेहरावाचा भाग नाही असं धरून लोक फुलाफुलांचा, हिरवा-गुलाबी स्कार्फ बांधतात आणि खाली चित्रांची जीन्स असते. लांबून दिसतात त्या याच दोन गोष्टी. स्कार्फ पांढरा किंवा जीन्सच्या रंगाचा कोरा ठेवला की अर्धं काम झालं.

पायात साधे कॅनव्हासचे बूट किंवा कोल्हापुरी. चार रंगांचे स्पोर्ट्स शूज नकोत. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

उन्हाची गोष्ट निघालीच आहे तर कापडाच्या वजनाबद्दल सांगितलं पाहिजे. डेनिमचं वजन औंसात मोजतात, एका चौरस यार्डाला किती औंस असं. एक औंस म्हणजे साधारण ३४ जीएसएम. १४ औंसाचं कापड जवळपास ४७५ जीएसएम होतं, ते डिसेंबर-जानेवारीत ठीक. १२ औंस पावसाळा-हिवाळ्यात चालतं. उन्हाळ्यात आठ ते दहा औंसांच्या वर जाऊ नका. लेबलवर हे क्वचितच लिहिलेलं असतं, म्हणून जीन्स किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. पुरुषांची ३२ कमरेची १२ औंसाची साधी जीन्स साधारण ६०० ते ७०० ग्रॅम भरते, आठ औंसाची साडेचारशे ते पाचशे. ढगळ जीन्स थोडी जास्त भरेल, पण तिच्यात हवा खेळते म्हणून उन्हाळ्यात ढगळच बरी. चित्रांच्या जीन्सला आणखी एक अडचण असते: प्लास्टिकसारखा जाड छाप घाम बाहेर जाऊ देत नाही. दोन्ही मांड्यांवर तळहाताहून मोठा असा छाप असेल तर मे महिन्यात त्याखाली घामोळं येतं.

छापाचे प्रकार ओळखायला सोपे आहेत. हाताला रबरासारखा, कापडाच्या वर उचललेला लागतो तो प्लास्टिसॉल. रंग भडक, झाकण्याची ताकद चांगली, पण उष्णतेने मऊ होतो आणि ताणला की तडकतो. कापडाची वीण ज्यातून जाणवते तो पिगमेंटचा छाप. हवा जाते, रंग हळूहळू फिका होतो, सोलत नाही. मात्र छापल्यावर तो साधारण १५० अंशांवर काही मिनिटं नीट भाजला गेला नसेल तर आतला चिकटवणारा पदार्थ पक्का होत नाही आणि पहिल्याच धुण्यात रंग बादलीत येतो. तिसरा, फिल्मवर छापून गरम प्रेसने चिकटवलेला, ज्याला बाजारात डीटीएफ म्हणतात. यात फोटोसारखं बारीक चित्र मिळतं, पण कडा नखाने उचलता आली तर तो माल घेऊ नका. भरतकाम आणि कापडाचे पॅच सर्वांत जास्त टिकतात. फक्त भरतकामाच्या मागचं अस्तर मांडीला टोचतं, तिथे आतून मऊ सुती कापडाचा तुकडा शिवून घ्यावा. अशी जीन्स घालून वावरात मात्र शिरू नका. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांत भरतकामाचे धागे अडकतात आणि एक धागा निघाला की पूर्ण पाकळी उसवते.

आठवडी बाजारात ट्रायल रूम नसते. घरून मापाची टेप न्या आणि आपल्या चांगल्या बसणाऱ्या जीन्सची तीन मापं कागदावर लिहून न्या: कंबर, आसनाखाली एक इंचावर मांडी, आणि तळाची मोहरी, म्हणजे पायाच्या तोंडाचा घेर. चित्रांच्या जीन्समध्ये मांडी घट्ट नको, पूर्ण घेरात दीड-दोन इंच मोकळीक हवी. घट्ट मांडीवर चित्र आडवं ताणतं, वाघाचं मांजर होतं आणि ताणलेल्या जागी छाप तडकतो. लायक्रा (ताणणारा धागा) एक-दोन टक्के असेल तर हरकत नाही. तीन टक्क्यांच्या पुढे, पायाला चिकटणाऱ्या जीन्सवर रबरी छाप घेणं म्हणजे पैसे बुडवणं. मग रुमालाचं टोक ओलं करा आणि गडद कापडावर दहा वेळा घासा, छापावर वेगळ्या टोकाने दहा वेळा घासा. कापडाचा थोडा निळा रंग लागणारच, छापाचा लागता कामा नये. छाप दोन हातांनी आडवा ताणून बघा, पांढऱ्या भेगा दिसल्या तर ठेवून द्या. शेवटी जीन्स जमिनीवर सपाट पसरा. बाहेरची शिवण सरळ खाली जायला हवी. डेनिमची वीण तिरकी असते आणि कापड नीट तयार केलेलं नसेल तर धुतल्यावर पाय पिळतो. कोऱ्या जीन्समध्ये ते खपून जातं. बाजूला पट्टी असेल तर ती घोट्यापाशी समोर येऊन बसते आणि त्यावर कोणताही इलाज नाही.

आणि अक्षरं वाचून घ्या. इंग्रजी येत नसेल तर येणाऱ्याकडून वाचून घ्या. कुठल्याही शब्दांचा छाप मारून माल येतो, त्यात शिव्याही असतात. तहसील कचेरीत साहेबांनी तो वाचला की मग दाखल्याचं काय होईल ते होवो.

आता अल्टर. विकत घेतलेल्या बहुतेक जीन्स इथे दोन-तीन इंच लांब होतात आणि लगेच शिंप्याकडे येतात. कापण्याआधी एकदा धुऊन वाळवून आणा. बहुतेक डेनिम आधीच आटवलेलं असतं, तरी एक ते तीन टक्के आटतं, म्हणजे ४० इंच लांबीत इंचभर सहज गेलं. उंची ठरवताना जे रोज घालता तेच पायताण घालून उभे राहा. मोहरी रुंद असेल तर मागून जमिनीपासून अर्धा ते एक इंच वर राहिली पाहिजे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टाचेने उडतो, तेव्हा घोट्यापर्यंत दोन घड्या वर करा. चित्र तळाशी असेल तर घडीत ते जाणार हे आधीच लक्षात घ्या.

मूळचा, घासून फिका केलेला काठ ठेवायचा असेल तर शिंप्याला तसं सांगा. पद्धत अशी: जितकं कमी करायचं त्याच्या निम्मं माप जुन्या काठाच्या शिलाईपासून वर धरून बाहेरच्या बाजूने दुमडायचं, जुन्या काठाला अगदी लागून शिलाई मारायची, काठ खाली ओढायचा, आत उरलेलं कापड अर्धा इंच ठेवून कापायचं आणि ओव्हरलॉक करायचं. तीन इंच कमी करायचे तर दीड इंच. इथे जुन्या काठाचं मापही त्यात धरलं की पाय एक इंच लांब राहतो. ही चूक नेहमीची आहे. तळाशी अक्षरं असतील तर खालून कापूच नका. चार इंचांपर्यंत जादा लांबी असेल तर गुडघ्याच्या वर कोऱ्या भागात आडवी चूण घालून ती मुद्दाम केलेल्या जोडासारखी वरून दुहेरी शिवता येते. पण इतका खटाटोप करण्यापेक्षा कमी लांबीची जीन्स शोधलेली बरी.

मोहरी किंवा मांडी कमी करताना शिंप्याचा हात आपोआप बाहेरच्या शिवणीकडे जातो. कारण उघड आहे: आतली शिवण बहुतेक जीन्समध्ये दुमडून दुहेरी शिवलेली असते, ती उसवायला वेळ लागतो, बाहेरची साधी ओव्हरलॉकची असते. बाजूच्या पट्टीच्या जीन्समध्ये असं केलं की पट्टीच आत जाते. तेव्हा आतूनच घ्यावं लागतं, त्याचे पैसे जास्त द्यावे लागतात आणि ते द्यावेत. एका बाजूने दीड इंचापेक्षा जास्त घेऊ नये, त्यापुढे पायाचा तोल जातो आणि पाय पिळतो.

शिंपीबांधवांसाठी थोडं. सुई १६ किंवा १८ नंबरची, जीन्सची. टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर. आतली आणि बाहेरची शिवण जिथे काठात एकत्र येतात तिथे कापडाचे बरेच थर जमतात. आधी हातोडीने ठोकून सपाट करा आणि तिथून चाक हाताने फिरवून सुई न्या, नाही तर सुई मोडते. खिशाच्या कोपऱ्यातल्या रिव्हेटपासूनही लांब राहा. ते तांब्याचे रिव्हेट शोभेचे नाहीत. मजुरांचे खिसे फाटू नयेत म्हणून जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने ते बसवले आणि लिव्हाय स्ट्रॉसच्या जोडीने १८७३ साली त्याचं पेटंट घेतलं. रबरी छापावरून शिवायचं असेल तर मशीनचा पाय त्याला चिकटतो आणि टाके लहान-मोठे पडतात. छापावर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. छापावर एकदा सुई गेली की भोक राहतंच, उसवून पुन्हा शिवायची सोय नाही. खुणा उलट्या बाजूने करा.

धुण्यात जितक्या जीन्स वाया जातात तितक्या घालण्यात जात नाहीत. दगडावर धोपटणं आणि प्लास्टिकच्या ब्रशने घासणं, या दोन सवयी साध्या जीन्सला चालल्या, छापाला चालत नाहीत. उलटी करा, बटण-चेन लावा, गार पाण्यात एकटीच भिजवा. १५-२० मिनिटं पुरे. रात्रभर भिजवली की सुटलेली नीळ छापातल्या पांढऱ्या भागावर आणि भरतकामाच्या धाग्यांवर बसते, मग ती निघत नाही. काळ्या मातीचा चिखल ओला असताना घासू नका. पूर्ण वाळू द्या, झटका, मग उरलेला डाग हाताने चोळा. डागावर ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन निळेचा रंगच तोडतो आणि तिथे पिवळट पांढरा ठिपका कायमचा राहतो. लायक्राही कमजोर होतो.

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथल्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून लोक जास्त साबण लावतात. जड पाण्यातल्या क्षारांशी साबणाच्या वडीचा चिकट साका होतो, तो कापडात बसतो, आणि वाळल्यावर काळ्या जीन्सवर पांढरट पट्टे उमटतात. छाप खराब झाला असं वाटतं, प्रत्यक्षात तो साका आणि मीठ असतं. उपाय: वडीऐवजी पावडर किंवा लिक्विड वापरा, नेहमीच्या मापात. दोनऐवजी तीन वेळा खंगाळा आणि शेवटच्या बादलीत पाव वाटी पांढरं व्हिनेगर घाला. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरत असाल तर चांगल्या जीन्स त्यातच धुवा. काळ्या जीन्सचा काळेपणा अशाने दुप्पट टिकतो असं आम्ही म्हणणार नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो.

पिळू नका. पिळल्यावर रबरी छापाला ज्या आडव्या सुरकुत्या पडतात त्याच पुढे भेगा होतात. कमरेकडून टांगा, पाणी निथळू द्या, उलटीच सावलीत वाळवा. मे महिन्यात सावलीतही काही तासांत वाळते. इस्त्री उलट्या बाजूने, मध्यम उष्णतेवर. कोळशाच्या इस्त्रीला उष्णतेचं बटण नसतं, त्यामुळे इस्त्रीवाल्याला छाप दाखवून सांगा. सरळ बाजूने एक हात फिरला तरी प्लास्टिसॉल इस्त्रीला चिकटून निघतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर उतरतो.

छाप सोललाच तर फेव्हिकॉल लावू नका, तो धुण्यात जातो आणि कापड कडक करतो. जुन्या जीन्सचा तुकडा सोललेल्या जागेपेक्षा चहूबाजूंनी अर्धा इंच मोठा कापा आणि वरून झिगझॅग मारून बसवा. पॅचची जीन्स म्हणून ती पुन्हा घालता येते, आणि खरं तर अनेकदा आधीपेक्षा बरी दिसते.

ज्यांना महागडी जीन्स घ्यायची नाही त्यांनी घरातली जुनी कोरी जीन्स रंगवावी. लायक्रा नसलेली घ्या. पायात पुठ्ठा घाला म्हणजे रंग मागच्या बाजूला उतरणार नाही. निळ्या कापडावर पिवळा किंवा गुलाबी थेट लावला तर मळकट दिसतो. आधी पांढऱ्या फॅब्रिक कलरचा एक थर, तो वाळल्यावर वरचा रंग, पातळ दोन हातांत. जाड एक हात दिला तर तडकतो. २४ तास वाळू द्या, पावसाळ्यात ४८. मग उलट्या बाजूने, पाणी न मारता, तीन ते पाच मिनिटं इस्त्री फिरवा आणि तीन दिवस धुऊ नका.

संपादक महोदय, कापूस इथल्या वावरात पिकतो, डेनिमचं कापड यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीतही तयार होतं, पण शिवलेली जीन्स उल्हासनगर, बल्लारी किंवा दिल्लीच्या गांधीनगर बाजारातून आमच्या दुकानांत येते आणि लेबलवर कंबर सोडून फारसं काही लिहिलेलं नसतं. म्हणून एक विनंती. पुरवणीत जीन्सचा फोटो छापाल तेव्हा त्याखाली चार शब्द द्यायला लावा: कापड किती औंसाचं, छाप कोणत्या प्रकारचा, लायक्रा किती टक्के, आणि धुवायची कशी. विदर्भात शाळा-कॉलेजं जूनच्या शेवटी गजबजतात आणि आमच्याकडची खरेदी त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत होते. हा मजकूर जूनच्या पहिल्या रविवारी आला तर उपयोगी पडेल. जुलैत आला तर जीन्स शिंप्याकडे पोचलेली असेल.

आपले,
रेडिमेड कपडे व अल्टरेशनचं काम करणारे काही वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ